पिकअपमधली पेट्रोलच्या वाफेची बारीक गळती

प्रश्न : मी अमेरिकेत ओहायो राज्यात, क्लीव्हलँडजवळ राहतो. माझ्याकडे २०१२ सालची, पेट्रोलवर चालणारी पिकअप आहे आणि तिचे एक लाख तीस हजार मैल झाले आहेत. गेले तीन महिने ‘चेक इंजिन’चा दिवा लागतो आहे. स्कॅनर लावला की पी०४५६ हा एकच कोड दिसतो. गाडी उत्तम चालते आणि ॲव्हरेजही कमी झालेले नाही. पेट्रोलचा वास एरवी येत नाही. टाकी नुकतीच भरलेली असली, की मागच्या चाकाजवळ कधीतरी येतो. इथल्या एका गॅरेजने आधी टाकीचे झाकण बदलले, मग पर्ज व्हॉल्व्ह बदलला. दोन्ही वेळा कोड पुसून दिला आणि आठ-दहा दिवसांत दिवा पुन्हा लागला. आता ते कॅनिस्टर बदलायला सांगत आहेत आणि तो खर्च बराच मोठा आहे. दर दोन वर्षांनी होणारी ई-चेक ही गाडीच्या प्रदूषणाची तपासणी दोन महिन्यांवर आली आहे. कॅनिस्टर बदलावा का? यातले काही काम घरी करता येईल का?

उत्तर : कॅनिस्टर आत्ता बदलू नका. तुमच्या पत्रातल्या एका वाक्यावरून, म्हणजे टाकी भरलेली असताना मागच्या चाकाजवळ येणाऱ्या वासावरून, माझा पहिला संशय फिलर नेकवर जातो. झाकणापासून टाकीपर्यंत जाणारी ही पेट्रोल भरण्याची नळी तुमच्या भागात, तुमच्या गाडीच्या वयाला हमखास गंजते. तरीही मी तुम्हाला ‘फिलर नेक बदला’ असे सांगणार नाही, कारण मग माझ्यात आणि त्या गॅरेजमध्ये फरक उरणार नाही. गळती आधी डोळ्यांनी दिसली पाहिजे. भाग त्यानंतर बदलायचा.

हा कोड नेमके काय सांगतो ते आधी पाहू, कारण बहुतेक पैसे इथेच वाया जातात. पेट्रोलची टाकी, तिची नळी, झाकण, कोळशाचा कॅनिस्टर आणि त्यांना जोडणाऱ्या नळ्या मिळून वाफ अडवून ठेवणारी एक बंद व्यवस्था तयार होते. टाकीत सतत तयार होणारी पेट्रोलची वाफ हवेत न सोडता कॅनिस्टरमधल्या कोळशात शोषून ठेवायची आणि इंजिन चालू असताना ती पर्ज व्हॉल्व्हमार्गे इंजिनात ओढून जाळायची, असे तिचे काम आहे. कॅनिस्टरच्या दुसऱ्या बाजूला व्हेंट व्हॉल्व्ह असतो आणि त्यातून ताजी हवा आत येते. पर्ज व्हॉल्व्ह वीज नसताना बंद असतो, तर व्हेंट व्हॉल्व्ह वीज नसताना उघडा असतो. हा फरक लक्षात ठेवा, पुढे त्याचा उपयोग होईल. वाफ अडवण्याची सक्ती कॅलिफोर्नियात १९७० सालच्या गाड्यांपासून आणि साऱ्या अमेरिकेत १९७१ पासून झाली. गळती गाडीच्या संगणकाने स्वतः शोधावी, ही अट मात्र १९९६ च्या सुमारास आली. तेव्हा एक मिलिमीटर व्यासाच्या छिद्राएवढी गळती सापडली तरी पुरेसे होते. २००० पासूनच्या गाड्यांना टप्प्याटप्प्याने अर्ध्या मिलिमीटरची मर्यादा लागू झाली. पी०४५५ म्हणजे मोठी गळती, पी०४४२ म्हणजे लहान गळती आणि तुमचा पी०४५६ म्हणजे अतिशय बारीक गळती, साधारण त्या अर्ध्या मिलिमीटरच्या घरातली. म्हणजे कोड छिद्राचा आकार सांगतो, जागा सांगत नाही. या कोडवरून जो कोणी थेट भागाचे नाव घेतो, तो अंदाज करत असतो आणि त्या अंदाजाचे पैसे तुम्ही भरत असता.

दिवा आठ-दहा दिवसांनीच परत का लागतो, याचेही उत्तर इथेच आहे. संगणक ही परीक्षा रोज घेत नाही. टाकीत साधारण पंधरा ते पंच्याऐंशी टक्क्यांच्या दरम्यान पेट्रोल असावे लागते, गाडी काही तास उभी राहून पूर्ण थंड झालेली असावी लागते आणि बाहेरची हवा फार गार किंवा फार गरम नसावी लागते. हे सगळे जुळले, की कंपनीनुसार वेगवेगळ्या पद्धतीने परीक्षा होते. काही गाड्यांत संगणक व्हेंट व्हॉल्व्ह बंद करून इंजिनाच्या ओढीने टाकीत हलका व्हॅक्यूम तयार करतो, पर्ज व्हॉल्व्ह मिटतो आणि तो व्हॅक्यूम किती वेगाने कमी होतो हे पाहतो. काही गाड्यांत हीच परीक्षा इंजिन बंद केल्यावर, टाकी निवत असताना होते, तर काहींत त्यासाठी वेगळा छोटा पंप असतो. शिवाय लागोपाठ दोन परीक्षांत गाडी नापास झाल्यावरच दिवा लागतो. त्यामुळे भाग बदलून कोड पुसल्यावर आठवडाभर दिवा लागला नाही, तर दुरुस्ती झाली असे समजण्याचे कारण नाही. परीक्षाच झालेली नसते.

आता तपासणीकडे येऊ. झाकण नवे आहे, पण ते ज्या कडेवर बसते ती कड कोणी पाहिली का? झाकण काढून भर उजेडात नळीच्या तोंडाच्या गोल कडेवरून बोट फिरवा. ती गुळगुळीत हवी. कुठे खरखर लागली, तपकिरी फुगारा आला असेल किंवा रंगाचा पापुद्रा उचलला गेला असेल, तर झाकणाचे रबरी वॉशर कितीही नवे असले तरी तिथे घट्ट बसणार नाही आणि पुढची दहा झाकणेही बसणार नाहीत. त्यानंतर गाडीच्या मागच्या चाकाच्या आतून वर पाहा. ओहायोत हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. ते मीठ आणि चिखल चाकाने उडून हौद्याच्या पत्र्यामागे, नेमका या नळीभोवती साचतो आणि उन्हाळाभर ओल धरून राहतो. नळीचा उघडा भाग बऱ्याचदा ठीक दिसतो. गंज लपतो तो जिथे तिला पट्टीने चेसिसला धरलेले असते तिथे आणि खालच्या टोकाला, जिथे रबरी होज तिच्यावर चढवून क्लॅम्पने आवळलेला असतो. होजखालचा गंज लोखंडाला फुगवतो, त्यावर खाचा पाडतो आणि रबर त्या खाचांवर पूर्ण टेकत नाही. टाकी अर्धी असताना तिथून फक्त वाफ जाते. टाकी पूर्ण भरल्यावर पेट्रोल त्या सांध्यापर्यंत चढते आणि वळणावर हिंदकळले, की बाहेर ओल येते. तुम्हाला तेव्हाच वास येतो, हे त्याच्याशी जुळते. एक दुसरी शक्यताही याच्याशी जुळते, ती म्हणजे टाकीच्या माथ्यावर पंप जिथे बसवतात तिथली ओ-रिंग, म्हणजे सांधा बंद करणारी रबरी कडी.

पर्ज व्हॉल्व्ह नवा असला तरी त्याची दोन मिनिटांची तपासणी करून घ्या, कारण स्वस्तातले सुटे भाग नवे असतानाच गळके निघाल्याचे मी पाहिले आहे. त्याचा विजेचा कनेक्टर काढा, कॅनिस्टरकडून येणारी नळी त्याच्यापासून सोडवा, इंजिन सुरू करा आणि उघड्या तोंडावर बोट ठेवा. वीज नसताना तो मिटलेला असला पाहिजे, त्यामुळे बोटाला जराही ओढ जाणवता कामा नये. कनेक्टर काढल्यामुळे एखादा तात्पुरता कोड नोंदला जाईल. त्याची काळजी करू नका. व्हॉल्व्हमध्ये तोंडाने फुंकून पाहायची पद्धत मात्र टाळा, आत पेट्रोलची वाफ असते.

व्हेंट व्हॉल्व्ह पिकअपमध्ये सहसा मागे, कॅनिस्टरजवळ असतो आणि कच्च्या रस्त्यांची सगळी धूळ त्याच्या वाट्याला येते. धुळीने तो तुंबला, तर पंपावर पेट्रोल भरताना नोझल पुन्हा पुन्हा बंद पडते. धुळीमुळे तो पूर्ण मिटला नाही, तर बारीक गळती होते. स्कॅनरने आज्ञा दिल्यावर त्याचा ‘टक’ असा आवाज आला म्हणजे तो ठीक आहे, असे अनेक मेकॅनिक सांगतात. आवाजाने फक्त आतला भाग हलतो एवढे कळते. तो घट्ट मिटतो की नाही, हे कळत नाही.

एवढे पाहूनही गळती नजरेस पडली नाही, तर यापुढचे काम घरी करायचे नाही. ज्यांच्याकडे स्मोक टेस्टचे, म्हणजे या बंद व्यवस्थेत धूर सोडून तो कुठून बाहेर येतो हे पाहण्याचे यंत्र आहे आणि ते चालवणारा धीराचा माणूस आहे, अशा गॅरेजमध्ये जा. या तपासणीचा खर्च कॅनिस्टरच्या किमतीपुढे थोडा असतो. जाण्याआधी टाकीत पाव ते अर्धी टाकी एवढेच पेट्रोल ठेवा, म्हणजे धुराला वर जागा मिळेल. व्हेंट व्हॉल्व्ह एरवी उघडा असतो, म्हणून तो स्कॅनरने बंद करूनच धूर सोडला पाहिजे. नाहीतर धूर तिथूनच भसाभस बाहेर पडेल आणि कोणीतरी तुम्हाला तोच व्हॉल्व्ह बदलायला सांगेल. यंत्राचा दाब एक पीएसआयपेक्षा कमी असतो, म्हणून अर्ध्या मिलिमीटरच्या छिद्रातून धुराचा लोट निघत नाही, उदबत्तीच्या शेवटच्या धुरासारखा एक धागा निघतो. पंखे बंद हवेत, दारे लोटलेली हवीत आणि टॉर्चचा प्रकाश आडवा टाकून पाहायला हवे. यंत्रावर हवेचा प्रवाह दाखवणारे मीटर असेल, तर नजर त्याच्यावरही ठेवायला सांगा. प्रवाह थांबला नाही याचा अर्थ गळती आहे, मग धूर दिसो वा न दिसो.

मिशिगनमध्ये काम करत असताना अशाच एका पिकअपवर आम्ही चाळीस मिनिटे धूर सोडून बसलो होतो. मीटर गळती दाखवत होते, पण धूर कुठेच दिसत नव्हता. सोबतच्या जुन्या मेकॅनिकने फिलर नेकच्या खालच्या होजला हात घालून तो नुसता बाजूला रेटला आणि क्लॅम्पच्या मागून, आम्ही चार वेळा पाहून गेलो होतो त्याच जागेवरून, दोऱ्याएवढा पांढरा धूर वर आला. होज काढला तेव्हा खालची नळी दोन ठिकाणी नखाने टोकरली जाईल इतकी पोकळ झाली होती. होज उभ्या गाडीत छिद्रावर दबून बसायचा आणि गाडी चालताना सरकायचा. तेव्हापासून धूर दिसत नसेल तर मी प्रत्येक सांधा हाताने हलवून पाहतो आणि तुमच्या मेकॅनिकलाही तसे करायला सांगा.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. टायरमध्ये हवा भरायचा कॉम्प्रेसर लावून टाकीत दाब देऊ नका. ही व्यवस्था एक पीएसआयच्या आतल्या दाबासाठी केलेली असते आणि कॉम्प्रेसर शंभर पीएसआयच्या पुढे दाब देतो. त्याने सील उखडतात, टाकी फुगते किंवा फुटते. डबा, तेल आणि तापलेली तार वापरून घरी धुराचे यंत्र बनवायचीही पद्धत आहे. पेट्रोलची वाफ भरलेल्या टाकीला तापलेली तार जोडलेली असणे म्हणजे काय, याचा क्षणभर विचार करा. चांगल्या यंत्रात हवेऐवजी नायट्रोजनसारखा, ज्वलनाला मदत न करणारा वायू वापरायची सोय असते आणि ती याच कारणासाठी असते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती जमिनीलगत पसरत जाते. अमेरिकेत बऱ्याच घरांच्या गॅरेजमध्ये गॅसवर चालणारा वॉटर हीटर असतो आणि त्याची छोटी ज्योत सतत पेटती असू शकते. म्हणून टाकीशी किंवा तिच्या नळ्यांशी संबंधित कोणतेही काम घराला जोडलेल्या गॅरेजमध्ये करू नका. बाहेर मोकळ्यावर, इंजिन गार असताना, बॅटरीची ऋण बाजू सोडवून आणि अग्निशामक हाताशी ठेवूनच ते करा.

गळती फिलर नेकलाच निघाली, तर हे काम घरी होण्यासारखे आहे. टाकी पाव किंवा त्याहून कमी भरलेली असू द्या. नळीचे वरचे स्क्रू, चेसिसची पट्टी आणि खालचे दोन क्लॅम्प, जाड होजचा एक आणि त्याच्या शेजारच्या बारीक नळीचा एक, एवढेच सोडवायचे असते. पण गंजलेला बोल्ट पहिल्याच झटक्यात तुटतो, म्हणून आदल्या रात्री त्याच्यावर गंज सोडवणारे तेल मारून ठेवा. होज जुना असेल तर तोही बदला आणि नवा घेताना तो पेट्रोलसाठीच बनवलेला आहे याची खात्री करा. हीटरच्या पाण्याचा होज पेट्रोलने फुगतो आणि थोड्याच दिवसांत मऊ पडतो. नळीला चेसिसशी जोडणारी अर्थिंगची तार असेल, तर ती विसरू नका, कारण पेट्रोल भरताना तयार होणारी स्थिर वीज तिच्यावाटे जाते. बसवण्याआधी नव्या नळीला बाहेरून मेणासारखा गंजरोधक थर द्या. छिद्रावर एपॉक्सी किंवा टेप लावून जुनी नळी वाचवायला मी सांगणार नाही. थराखाली गंज चालूच राहतो आणि पुढच्या हिवाळ्यात छिद्र शेजारी पडते.

धूर टाकीच्या माथ्यावरून आला, तर टाकी उतरवण्याऐवजी हौदा उचलणे बहुतेक पिकअपमध्ये सोपे जाते. हौद्याचे सहा किंवा आठ मोठे बोल्ट, मागच्या दिव्यांची वायर आणि फिलर नेकचे स्क्रू सोडवले, की चार माणसे तो उचलून बाजूला ठेवू शकतात किंवा एक कड उचलून त्याखाली लाकडी ठोकळे देता येतात. टाकी उतरवायची म्हणजे पेट्रोल काढणे, पट्टे सोडवणे आणि गाडीखाली झोपून ती जॅकवर तोलणे, हे सगळे आले. पंपाची रिंग उघडली, तर ओ-रिंग नवीच टाका. जुनी कितीही चांगली दिसली तरी परत बसवू नका.

कॅनिस्टर बदलण्याची वेळ दोनच कारणांनी येईल. धूर त्याच्या कवचातून निघाला, म्हणजे त्याला तडा गेला असेल, किंवा पर्ज व्हॉल्व्हच्या नळीत कोळशाचे काळे कण सापडले. दुसरे बहुतेक वेळा पंपावर नोझल थांबल्यावरही आणखी पेट्रोल कोंबण्याच्या सवयीमुळे होते. वाफ शोषण्यासाठी असलेल्या कोळशात द्रव पेट्रोल शिरते आणि तो निकामी होतो.

आता ई-चेक. दुरुस्तीनंतर कोड पुसून लगेच तपासणीला जाऊ नका, कारण कोड पुसला की संगणकाच्या सगळ्या स्वपरीक्षा ‘अपूर्ण’ दाखवतात. २००१ आणि त्यानंतरच्या गाड्यांना त्यांतली एक परीक्षा अपूर्ण असली तरी चालते, दोन असल्या तर परत पाठवतात. वाफेची परीक्षा सहसा सर्वांत उशिरा पूर्ण होते, म्हणून ती अपूर्ण असतानाही तुम्ही पास होऊ शकाल. पण गळती खरोखर गेली का, हे ती परीक्षा पूर्ण झाल्यावरच कळेल. तेव्हा आठवडा-दोन आठवडे टाकी अर्ध्याच्या आसपास ठेवा, रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी बाहेर काढा आणि स्कॅनरवर वाफेची परीक्षा ‘पूर्ण’ दिसते आहे व प्रलंबित, म्हणजे एकदाच नापास झाल्याने दिवा न लावता नोंदलेला, कोड नाही, हे पाहून मगच जा. कोड न पुसताही चालते. लागोपाठ तीन परीक्षा नीट झाल्या की दिवा आपोआप विझतो.

तोवर गाडी चालवायला हरकत नाही. मात्र दिवा आधीच लागलेला असल्यामुळे दुसरा एखादा बिघाड झाला तरी तुम्हाला कळणार नाही, म्हणून आठवड्यातून एकदा स्कॅनर लावा. आणि गाडीखाली पेट्रोलचा एक थेंब जरी दिसला, तर ती वाफेची गळती राहिलेली नाही असे समजा आणि गाडी जागेवरून हलवू नका.

प्रश्न : आमच्याकडे नाशिकमध्ये भाजीपाल्याच्या वाहतुकीसाठी डिझेल पिकअप आणि घरची पेट्रोल कार आहे. पिकअपला कॅनिस्टर का नाही? आणि उन्हाळ्यात कारमध्ये मागच्या सीटवर पेट्रोलचा वास येतो, तो याच कारणाने का?

उत्तर : डिझेलची वाफ नेहमीच्या तापमानाला इतकी कमी होते, की ती साठवण्यासाठी कॅनिस्टर लावायची गरज पडत नाही. तुमच्या पेट्रोल कारमध्ये मात्र तो आहे आणि वरच्या उत्तरातले जवळजवळ सगळे तिलाही लागू पडते, मिठाचा गंज तेवढा वगळून. उन्हात टाकी तापली की वाफ वाढते आणि एखादा सांधा सैल असेल तर तो उन्हाळ्यातच जाणवतो. मागच्या सीटवर वास येतो, म्हणून पहिली तपासणी त्या सीटखाली करून घ्या. अनेक कारमध्ये सीटची गादी उचलली, की पत्र्याचे एक गोल झाकण दिसते आणि त्याखाली टाकीवरचा पंप असतो. पूर्वी कधी पंप उघडला होता का, हे मेकॅनिकला आठवून सांगा. जुनीच ओ-रिंग परत बसवलेली असणे हे या वासाचे नेहमीचे कारण आहे. पंपाच्या माथ्यावर धुळीत ओलसर, काळपट डाग दिसला तर गळती तिथेच आहे. ती दुरुस्त होईपर्यंत टाकी अर्ध्यापेक्षा जास्त भरू नका, गाडी बंद शेडमध्ये ठेवू नका आणि गाडीत कोणालाही काडी ओढू देऊ नका.